शं. बा. दीक्षित : पंचांगाला गावाचा पत्ता देणारा शिक्षक

संगणकाला त्याचा स्थानिक कालविभाग विचारायचा असेल तर प्रोग्रामरला आज एका ओळीची आज्ञा पुरते. भारतात बसून ती दिली की उत्तर येते 'आशिया/कोलकाता'. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी गावात हा प्रश्न विचारला तरी उत्तर हेच, मुंबईत विचारला तरी हेच आणि आसामातल्या दिब्रुगडला विचारला तरीही हेच. सूर्याला मात्र हे उत्तर मान्य नाही. दिब्रुगडच्या डोक्यावर आलेला सूर्य ब्राह्मणपुरीच्या माथ्यावर यायला सुमारे ८० मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळेच्या तुलनेत ब्राह्मणपुरीची खरी स्थानिक वेळ सुमारे ३२ मिनिटे मागे आहे, तर मुंबईची सुमारे ३९ मिनिटे.

संगणकाची पद्धत सरळ आहे. आपल्या पोटात तो जगाला समान असलेला एकच काळ मोजतो. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद लोटले, एवढेच त्याला ठाऊक असते. वापरणाऱ्याला वेळ दाखवताना तो आपल्या स्थळाचे नाव पाहतो, त्या नावासमोरचा नियम कोष्टकातून काढतो आणि तेवढी मिनिटे मिळवतो किंवा वजा करतो. एक मूळ रेषा, स्थळांची यादी आणि प्रत्येक स्थळाचा फरक या तीन गोष्टींवर हा सारा व्यवहार चालतो. याच तीन गोष्टी घेऊन सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने भारताच्या सोळाशे वर्षांच्या तारखा लावून दाखविल्या. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची काही वर्षे खानदेशात, धुळ्याला गेली.

मुरूडचा विद्यार्थी

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी झाला. आरंभीचे शिक्षण गावच्या शाळेत झाले आणि त्याच्या जोडीने घरच्या वळणाप्रमाणे संस्कृताचा व वेदपठणाचा संस्कारही झाला. १८७० च्या सुमारास ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांना शिक्षक पुरविणारी ही संस्था होती. तेथील अभ्यासक्रम त्यांनी उत्तम रीतीने पुरा केला, इंग्रजीचा अभ्यासही त्याच काळात केला आणि मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण तेथे संपले. पदवी नाही, परदेशवारी नाही आणि वेधशाळेतील नोकरीही नाही. पुढे ज्यांच्या गणितावर युरोपातील पंडितांनी विश्वास टाकला, ते दीक्षित शेवटपर्यंत शिक्षणखात्यातील एक साधे शिक्षकच राहिले.

नोकरीने त्यांना गावोगाव फिरविले. प्रथम रेवदंडा, मग ठाणे, त्यानंतर बार्शी, पुढे धुळे आणि अखेरीस पुणे. शाळेचे काम सांभाळून त्यांचे लेखन सुरू असे. 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी', 'सृष्टिचमत्कार' अशी विद्यार्थ्यांना आणि सामान्य वाचकांना उपयोगी पडणारी पुस्तके त्यांनी लिहिली. आकाशातील तारे ओळखायला शिकविणाऱ्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाला तर त्यांनी 'रात्रीची दोन घटका मौज' असे पर्यायी नाव दिले होते. अवघड विषय अंगणात बसलेल्या माणसाला समजावून सांगावा, ही शिक्षकाची वृत्ती त्या नावातच दिसते.

पंचांगाचा वाद

ठाण्याच्या मुक्कामात दीक्षितांचा जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी परिचय झाला. 'काव्येतिहाससंग्रहा'चे एक संपादक म्हणून मोडक महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ज्योतिषगणिताचाही त्यांचा व्यासंग मोठा होता. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा वाद ऐरणीवर आला होता. गावोगावचे जोशी गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून पंचांग करीत. १५२० च्या सुमारास रचलेला हा ग्रंथ गणिताला अत्यंत सोपा होता. परंतु साडेतीनशे वर्षांत त्यावरून येणारी ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी ग्रहस्थिती यांत फरक पडू लागला होता. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या युरोपीय गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके १८६० मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यातून पुढे पटवर्धनी पंचांग निघाले. विसाजी रघुनाथ लेले यांचा पक्ष त्याहून वेगळा होता. वर्षाचा आरंभ ऋतूंशी बांधलेला असावा, म्हणजे पंचांग सायन असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

दीक्षित लेले आणि मोडक यांच्या बाजूला उभे राहिले. निरयन गणनेत संक्रांती ऋतूंपासून सुमारे ७१-७२ वर्षांत एका दिवसाने सरकते. हा फरक साचत गेला तर वसंतातले सण एक दिवस ग्रीष्मात जातील, हा सायनवाद्यांचा मुद्दा होता. सनातनी जोशी आणि नवशिक्षित गणिती या दोघांनाही हा पक्ष पटण्यासारखा नव्हता. सायन पंचांग काढणाऱ्यांत दीक्षित होते आणि लोकाश्रय फारसा नसतानाही त्यांनी हा पक्ष सोडला नाही. या वादाने त्यांना एक सवय लावली. कोणताही पक्ष मांडण्यापूर्वी त्याचे मूळ ग्रंथांत शोधायचे आणि मग त्याचे गणित स्वतः करून पाहायचे. पुढचे सारे काम या सवयीतून उभे राहिले.

तिथी कोणत्या गावची?

दीक्षितांच्या कामाचे मर्म समजण्यासाठी पंचांगातील एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. ही घटना आकाशातली आहे, त्यामुळे ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी घडते. दिवसाला मात्र तिथीचे नाव मिळते ते सूर्योदयावरून. सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. सूर्योदय तर प्रत्येक गावचा वेगळा.

समजा, उज्जैनला सूर्य उगवल्यानंतर दोन मिनिटांनी दशमी संपली. उज्जैनकरांच्या दृष्टीने तो दिवस दशमीचा. मुंबई उज्जैनच्या पश्चिमेला सुमारे तीन अंश आहे. अक्षांशाने पडणारा फरक बाजूला ठेवला तर तेथे सूर्य सुमारे १२ मिनिटे उशिरा उगवतो. तोवर दशमी संपून एकादशी लागलेली असते, म्हणून मुंबईकरांच्या दृष्टीने तोच दिवस एकादशीचा होतो. आकाश एक, चंद्र एक, गणितही एक. तरीही दोन शहरांच्या पंचांगांत एका दिवसाचा फरक पडतो आणि दोन्ही पंचांगे बरोबर असतात.

प्राचीन भारतीय गणितींना हे पुरते ठाऊक होते. लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा त्यांनी मध्यरेषा मानली होती आणि तिच्या पूर्वेच्या वा पश्चिमेच्या गावासाठी जो संस्कार करावा लागे त्याला ते देशांतर म्हणत. दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळे धरली तर रेखांशाच्या एका अंशाला बरोबर १० पळे, म्हणजे ४ मिनिटे पडतात. या हिशेबाने ब्राह्मणपुरीचे देशांतर उज्जैनपासून १२-१३ पळे, म्हणजे सुमारे ५ मिनिटे. पुण्याचे १९ पळे. कोलकात्याचे उलट बाजूला दोन घटकांहून थोडे अधिक. सूर्योदयासाठी याशिवाय अक्षांशामुळे येणारा चर नावाचा संस्कारही करावा लागतो.

एरणचा स्तंभ

या काही पळांवर इतिहासाचे मोठे प्रश्न कसे टांगलेले असतात, हे दीक्षितांनी बार्शीच्या शाळेत शिकवीत असताना दाखवून दिले. गुप्त राजांचे शिलालेख गुप्त संवतात कोरलेले आहेत. परंतु हा संवत नेमका केव्हा सुरू झाला, यावर विद्वानांत अनेक दशके मतभेद होते. कोणी त्याचा आरंभ इसवी सन ७८ च्या सुमारास मानीत, कोणी १६६ च्या, कोणी १९० च्या, तर कोणी ३१९ च्या. म्हणजे समुद्रगुप्त आणि चंद्रगुप्त यांचा काळ दोन-अडीचशे वर्षे मागेपुढे सरकत होता.

मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आणि पुराभिलेखविद् जॉन फेथफुल फ्लीट हे त्या वेळी गुप्त शिलालेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. मंदसोरच्या शिलालेखाने त्यांना ३१९-२० कडे नेणारा धागा दिला होता. तो गणिताने पक्का करणे आवश्यक होते आणि ते काम दीक्षितांनी केले. मध्य प्रदेशात एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील स्तंभ आहे. त्यावर संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा स्पष्ट उल्लेख आहे. वर्ष, तिथी आणि वार तिन्ही एकत्र असल्यामुळे हा लेख म्हणजे कसोटीचा दगडच होता. संवताचा आरंभ चुकीचा धरला तर त्या तिथीला गुरुवार यायचा नाही.

दीक्षितांनी सूर्यचंद्राचे गणित केले. संवताचा आरंभ ३१९-२० च्या हिशेबाने धरला असता ती आषाढ शुद्ध द्वादशी २१ जून ४८४ या दिवशी आली आणि तो वार गुरुवारच होता. एरण उज्जैनच्या पूर्वेला सुमारे अडीच अंश आहे, म्हणजे तेथील स्थानिक वेळ जवळजवळ १० मिनिटे पुढे. तिथीची समाप्ती सूर्योदयाच्या अगदी जवळ येत असेल तर एवढ्या फरकानेही तिथी एका दिवसाने हलू शकते. म्हणून असे गणित करताना लेख कोणत्या गावचा आहे, हे पाहणे भाग असते. फ्लीट यांचा गुप्त शिलालेखांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दीक्षितांच्या गणिताचा त्यात मानाने समावेश होता. बार्शीच्या एका शाळाशिक्षकाचे नाव त्यामुळे युरोपातील प्राच्यविद्यापंडितांच्या कानी गेले.

धुळ्याची वर्षे

१८८९ च्या सुमारास दीक्षितांची बदली धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये झाली आणि १८९४ पर्यंत ते तेथे होते. त्या वेळचा खानदेश हा एकच विशाल जिल्हा होता. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात येत आणि शहादा तालुकाही त्यातच होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, दीक्षितांच्या निधनानंतर शंभर वर्षांनी.

धुळ्याला तेव्हा रेल्वे नव्हती. चाळीसगावहून गाडी धुळ्यात आली ती १९०० मध्ये. रेल्वे आणि तारखाते मद्रासची वेळ पाळत असले तरी गावांची घड्याळे आपापल्या माध्यान्हावर लावलेली असत. मुंबईवर १८८१ मध्ये मद्रासची वेळ लादण्याचा सरकारने प्रयत्न केला तेव्हा शहराने त्याला जोराचा विरोध केला होता. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने ग्रीनिचची रेषा जगाची मूळ रेषा म्हणून स्वीकारण्याची शिफारस केली. घड्याळ कोणाचे मानायचे, हा त्या काळी कज्जाचा विषय होता. अशा काळात धुळ्याला बसून दीक्षित एकाच रेषेवरून हिंदुस्थानातल्या हव्या त्या गावाची वेळ काढण्याचे साधन तयार करण्यात गुंतले होते.

वेदकालाचा शोधही याच वर्षांतला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा आशय आहे. अयनचलनामुळे ही स्थिती इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारासच घडणे शक्य होते, असे गणिताने दाखवून त्यांनी त्या ग्रंथाच्या काळाविषयी नवा मुद्दा मांडला. १८९५ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'तून तो प्रसिद्ध झाला. त्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ मतभेद झाले आणि ते संपलेले नाहीत. पण वेदकालाच्या चर्चेत दीक्षितांचा उल्लेख टाळून कोणालाही पुढे जाता आले नाही.

कोष्टकांचे यंत्र

१८९६ हे वर्ष दीक्षितांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्ष ठरले. त्या वर्षी त्यांचे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला लंडनहून इंग्रजीत निघालेला 'द इंडियन कॅलेंडर'. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल हे त्याचे सहलेखक होते. विजयनगरच्या साम्राज्याचा इतिहास लिहिणारे सेवेल ते हेच. ग्रहणांची कोष्टके रॉबर्ट श्राम यांनी पुरविली होती. इसवी सन ३०० ते १९०० या काळातील कोणतीही हिंदू अथवा मुसलमानी तारीख इसवी सनात आणि इसवी सनाची तारीख हिंदू अथवा मुसलमानी पद्धतीत बदलण्याची सोय या ग्रंथाने केली.

ग्रंथाची रचना पाहिली म्हणजे आजच्या प्रोग्रामरला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. प्रत्येक वर्षासमोर त्या वर्षारंभीची तीन संख्यांची नोंद आहे. त्या तीन अक्षरांनी दर्शविलेल्या आहेत. पहिली सूर्यचंद्रांतील अंतराची, दुसरी चंद्राच्या गतीतील चढउताराची आणि तिसरी सूर्याच्या गतीतील चढउताराची. वापरणाऱ्याने हव्या त्या दिवसापर्यंतची वाढ या संख्यांत मिळवायची, दुसऱ्या कोष्टकातून दुरुस्ती घ्यायची आणि बेरीज करायची. तिथी हाती येते. त्रिकोणमिती येण्याची गरज नाही. बेरीज-वजाबाकी आली की पुरे. अवघड गणित एकदाच करून त्याची फळे ओळींत मांडून ठेवलेली आहेत.

हे सारे उत्तर उज्जैनच्या वेळेत मिळते. शेवटची पायरी गावाची. त्यासाठी ग्रंथात भारतातील प्रमुख स्थळांचे अक्षांश-रेखांश आणि उज्जैनपासूनचा मिनिटांतील फरक यांचे स्वतंत्र कोष्टक दिलेले आहे. शिलालेख ज्या परिसरातला असेल त्याच्या जवळचे स्थळ यादीत शोधायचे आणि समोरची मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची. संगणकातील कालविभागांच्या यादीचे काम याच घडणीचे आहे.

दोहोंत एक मोठा फरक मात्र आहे. दीक्षितांचे कोष्टक सूर्य पाहून केलेले होते, संगणकाचे कोष्टक सरकारी निर्णय पाहून केलेले आहे. म्हणूनच संगणक उत्तरात साडेपाच तास असा आकडा न देता स्थळाचे नाव देतो. आकडा बदलत असतो. 'आशिया/कोलकाता' या नावाखाली १ जानेवारी १९०६ पूर्वीची मद्रासची वेळ, त्यानंतरची प्रमाणवेळ आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळे तासभर पुढे केली होती तेव्हाची वेळ अशा सर्व नोंदी आहेत. मुंबईत १९०६ नंतरही कित्येक वर्षे चालू राहिलेल्या मुंबई वेळेला मात्र त्यात वेगळे नाव नाही. जुन्या मुंबईतील एखाद्या घटनेची वेळ आज संगणकाला विचारली तर तो बिनचूक वाटणारे पण ३९ मिनिटांनी चुकलेले उत्तर देऊ शकतो. अशा वेळी वेळ कोणत्या गावची, हा दीक्षितांचा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

मराठीतला इतिहास

त्याच वर्षी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापलेला दुसरा ग्रंथ म्हणजे 'भारतीय ज्योतिषशास्त्र'. पंचांगाचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा दक्षिणा प्राइझ कमिटीने प्रकट केली होती. तिच्या निमित्ताने सुरू झालेले हे काम वाढत वाढत संपूर्ण भारतीय ज्योतिषाचा इतिहास झाले. वैदिक काळापासून आपल्या समकालीन गणितींपर्यंत शेकडो ग्रंथकार, त्यांचे ग्रंथ, त्यांचे काल, त्यांची गणिते आणि त्यांच्या चुका यांची दीक्षितांनी नोंद केली. हस्तलिखिते मिळवून वाचली, ग्रंथांतील आकडे स्वतः ताडून पाहिले आणि जेथे पुरावा अपुरा वाटला तेथे तसे स्पष्ट म्हटले. भारतीय शास्त्र सारे ग्रीकांकडून आले, असे म्हणणाऱ्यांशी त्यांनी वाद घातला. पण सारे ज्ञान वेदांतच होते, या अभिनिवेशालाही त्यांनी थारा दिला नाही.

हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, ही गोष्ट साधी नाही. इंग्रजीत लिहिले असते तर कीर्ती लवकर मिळाली असती, आणि इंग्रजीत लिहिण्याची संधी त्यांच्या हाती होती हे 'इंडियन कॅलेंडर'ने सिद्धच केले होते. मराठीची निवड केल्याने बाहेरच्या अभ्यासकांना वाट पाहावी लागली. स्वातंत्र्यानंतर त्याचा हिंदी अनुवाद झाला आणि पुढे भारत सरकारच्या वेधशाळा खात्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. केवळ हा ग्रंथ वाचता यावा म्हणून मराठी शिकलेले अभ्यासक असल्याचे सांगितले जाते.

अकाली अंत आणि नंतर

१८९४ पासून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे ज्या संस्थेत शिकले तेथेच, अध्यापन करीत होते. ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षेही धड झाली नव्हती, तोच एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची ४५ वर्षेही पुरी झाली नव्हती. भारताला एक प्रमाणवेळ मिळाली ती त्यानंतर आठ वर्षांनी.

ज्या सायन पक्षासाठी त्यांनी उपेक्षा सोसली, त्याला काही अंशी न्याय मिळायला आणखी सहा दशके जावी लागली. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने देशातील पंचांगांचा अभ्यास करून १९५५ मध्ये अहवाल दिला. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले राष्ट्रीय सौर पंचांग ऋतूंना बांधलेले आहे आणि त्याचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्याच्या गणितासाठी जे मध्यवर्ती स्थान ठरविण्यात आले, त्याचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेचे, ८२ अंश ३० कला आहेत आणि अक्षांश उज्जैनचे, २३ अंश ११ कला. जुनी मध्यरेषा गेली तरी उज्जैन गणितातून पूर्णपणे गेलेले नाही.

सण मात्र बहुतांश घरांत निरयन पंचांगावरूनच साजरे होतात. तो वाद दीक्षित जिंकले नाहीत. त्यांच्या हातून पक्के झाले ते दुसरेच काही. गुप्त संवताचा आरंभ आता कोणी ७८ किंवा १६६ मध्ये धरीत नाही. एखादा ताम्रपट सापडला, त्यावर तिथी आणि वार असला, की तो खरा की बनावट हे ठरविताना त्या दिवशी त्या गावी ती तिथी होती का, हे आधी पाहिले जाते. आज हे गणित संगणक क्षणात करतो. त्याला गाव कोणते ते मात्र सांगावेच लागते.